चौकातल्या फ्लेक्सवरली सुरतेची बाई

ऋतुजा माझी धाकटी बहीण. सख्खी, पाठची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तारीफ आली की लोकं म्हणतात, व्यंकट वाढवून सांगून राहिला. वाढवायची गरजच न्हाई. रेणापुरात मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात विचारा, बसस्टँडवर विचारा, घरात बसून कंपनीचं काम करणारी पहिली पोरगी कोणती, तर आमचीच. माझी शाळा दहावीपर्यंत, ती बी ढकलत ढकलत. पाण्याच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून भरायचं दुकान हाय माझं. तिच्या कामातलं मला जेवढं कळालं तेवढंच सांगतो, पण बराबर सांगतो.

वडील गेले तवा ऋतुजा शाळेतच होती. किशनमामा गावातच राहतो, त्यानं घराकडं बघितलं. बारावीचा फॉर्म भरायला, कॉलेजला नाव घालायला, सगळीकडं मामाच्या स्कूटरवर मागं बसून ती गेली. लातूरला बी.कॉम. झाली आन तिथंच एका कंपनीत लागली. कंपनीचं मोठं ऑफिस नांदेडला, लातुरात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर शाखा. देशभरातल्या दवाखान्यांची बिलं तिथं यायची, विम्यासाठी. पेशंटचं नाव, आजार, औषधं, खर्च, सगळं वाचायचं आन कॉम्प्युटरात टाईप करायचं. हॉल भरून पोरी बसायच्या. पत्र्यावर हरभरा सांडल्यावानी आवाज यायचा. मी एकदा तिचा डबा द्यायला गेलतो, तवा कानानं ऐकलेला हाय.

मग मशीन आलं. मशीन म्हणजे डोळ्याला दिसणारं काही न्हाई, ए.आय. म्हणतात ते. बिलाचा फोटो दिला की आपसूक वाचतंय आन आपसूक टाईप करतंय. चहा मागत न्हाई, सुट्टी मागत न्हाई. हॉलमधल्या पोरी हळूहळू कमी झाल्या. कोणाचं लग्न झालं, कोण बँकेच्या परीक्षेच्या मागं लागली, एकीनं मुरूडला ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. ऋतुजाच्या बाजूची खुर्ची रिकामी झाली, मग समोरची. घरी आली की ताटावर नुसती बसून राहायची.

"काय झालं गं?" आईनं विचारलं तर म्हणली, "काही न्हाई आई. आज डबा खायला कोणी नव्हतं संगं."

पण ती राहिली. कशी राहिली ते ऐका. मशीन वाचायचं झकास, पण चुकायचं बी झकास. दवाखान्याचा शिक्का बिलावर पडला की शिक्क्यावरली तारीख खर्चात धरायचं. नवऱ्याचं नाव बायकोच्या जागी टाकायचं. बाकीच्या पोरी चूक दिसली की दुरुस्त करायच्या आन पुढं जायच्या. ऋतुजा दुरुस्त करून थांबायची न्हाई. हे मशीन इथंच का चुकतंय, हे नांदेडच्या शिल्पा मॅडमला लिहून पाठवायची. शिल्पा मॅडम म्हणजे तिच्या वरच्या साहेबीण. त्या म्हणल्या, तू आता टाईप करूच नको, तू मशीनला शिकव. झालं. ज्या मशीननं हॉल रिकामा केला, त्या मशीनची आमची ऋतुजा मास्तरीण झाली.

मग लातूरचं ऑफिसच बंद झालं आन ऑफिस आमच्या घरी आलं.

बियाण्याच्या पोत्यांची एक खोली होती आमची, रस्त्याच्या अंगाला. पोती माळ्यावर गेली. भिंतीला चुना लागला. इंटरनेटची वायर मलप्पाच्या दुकानाच्या खांबावरून ओढून आणली. मलप्पा म्हणजे समोरचा किराणावाला, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, स्वभावानं चांगला पण रुसका. इन्व्हर्टर मी स्वतः बसवला. लाईट गेली की सगळ्या गल्लीत अंधार आन आमच्या ऋतुजाच्या खोलीत पंखा फिरून राहिलाय. लोकं उभी राहून बघायची.

पण कंपनीचे कायदे लई. दार बंद पाहिजे. मागं कोणी उभं राहायचं न्हाई. स्क्रीन दुसऱ्या कोणाला दिसायची न्हाई. आईला हे पटायला वेळ लागला. आमची आई, धोंडाबाई, कोणाच्या दारावर टकटक करून गेलेली बाई न्हाई.

"माझ्याच घरात मी दार वाजवायचं?"

"आई, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते घर न्हाई. ऑफिस हाय."

"असं हाय का? मग संध्याकाळी तुझ्या ऑफिसला म्हनावं, जरा भांडी घास."

तरी बी आई शिकली. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची, दोनदा दार वाजवायची आन निघून जायची. शेजारणींना सांगायची, "बैठक चालूय आतमधी, नांदेडवाल्यांची." सोयाबीन निवडायला बायका वसरीत बसल्या की हळू बोलायच्या. ऋतुजा आतून कधी कधी हसलेली ऐकू यायची. ते हसणं ऐकून आईचं पोट भरायचं.

या वर्षी उन्हाळ्यात ऋतुजाला बढती भेटली. टीम लीड. आठ पोरी तिच्या हाताखाली. कोणी नांदेडात, कोणी लातुरात, एक परभणीला, सगळ्या आपापल्या घरी बसून काम करणाऱ्या. ऋतुजानं आधी आईला सांगितलं, मग मला. मी मामाला सांगितलं. आन मामाला सांगितलं म्हणजे तालुक्याला सांगितलं.

किशनमामानं तेवढ्यात नवीन मोबाइल घेतलेला. त्याच्या कॅमेऱ्याचं एवढं कौतुक, की लिंबाच्या झाडावरली मुंगी दाखवायचा फोटोत. त्याच आठवड्यात एका दुपारी तो आमच्याकडं आला. लई उकडत होतं, म्हणून ऋतुजानं रस्त्याकडली खिडकी उघडी ठेवली होती. मामा खिडकीशी आला आन हाक मारली, "ऋतू."

ती वळली. मामाला बघून हसली. मामानं फोटो काढला.

"मामा, फोटो नका काढू. काम चालूय."

"काढला बी," मामा म्हणला आन गेला.

ऋतुजा परत कामाला लागली. मामाला बोलायचं कसं, आन काय मोठं झालं, असं तिला वाटलं. फोटो मात्र इतका नामी आला होता की इचारू नका. खुर्चीवर ऋतुजा, कानाला हेडफोन, मान वळवलेली, तोंडभर हसू, आन मागं कॉम्प्युटरचा उजेड. हिरॉईन फिकी पडंल.

रविवारी सकाळी मामा घरी आला आन म्हणला, "चला सगळे चौकात. कशाला ते विचारू नका."

चौकात गेलो तर बांबूच्या ताटीवर फ्लेक्स. केवढा? मागच्या महिन्यात नगरसेवकाच्या वाढदिवसाचा लागला होता, तो ह्याच्यापुढं रुमाल. वर लिवलेलं, 'रेणापूरची शान, ए.आय.ला शिकवणारी मराठवाड्याची लेक.' मधी ऋतुजाचा तो फोटो, माणसाच्या तिप्पट. त्याच्या खाली, 'टीम लीडपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' आन सगळ्यात खाली आम्ही शुभेच्छुक. मधोमध मामा फेटा बांधून, त्याच्या उजव्या हाताला मी, गॉगलवाला फोटो, मग मोंढ्यावरली मंडळी, मामाचे दोस्त, साडू, साडूचा जावई. सगळी तोंडं एका ओळीत. चौकातली माणसं जमली होती. मामा पेढ्याचा खोका घेऊन फिरत होता.

आईनं पदर डोळ्याला लावला. ऋतुजा लाजली, हसली, कोणी हात जोडले त्याला हात जोडले. लहानपणी बक्षीस घेताना जशी उभी राहायची, तशी उभी होती.

"कसा हाय?" मामानं विचारलं.

"मोठा हाय, मामा."

"मोठा हाय म्हनजे? उजेडात बघ की जवळून. अक्षर न् अक्षर क्लिअर आलंय. लातूरला फ्लेक्सवाला म्हनला, मामा, असला फोटो आपल्याकडं पहिल्यांदा आला."

ऋतुजा जवळ गेली. आधी स्वतःचं तोंड बघितलं. मग तिची नजर तोंडाच्या बाजूला गेली, जिथं कॉम्प्युटर होता. आन तिचं हसू तिथंच राहिलं, म्हणजे ओठावर राहिलं, डोळ्यातलं गेलं.

मोबाइलवर जी स्क्रीन बोटाएवढी होती, ती फ्लेक्सवर दरवाज्याएवढी झाली होती. त्या दिवशी त्या वेळेला ती ज्या बिलावर काम करत होती, ते बिल चौकात टांगलं होतं. सुरतेची एक बाई. तिचं पूर्ण नाव, वय, घरचा पत्ता, दवाखान्यात कधी आली, कधी गेली, आन आजार. आजार कोणता ते मी इथं लिवत न्हाई. बाईमाणूस आपल्या सख्ख्या बहिणीला बी कानात सांगंल, असला आजार होता. खाली पानटपरीवरली दोन पोरं मान वर करून एक एक अक्षर लावत होती.

"मामा," ऋतुजा हळू म्हणली, "हा उतरवावा लागंल."

मामानं ऐकलं न्हाई असं केलं. तिनं परत सांगितलं, का उतरवायचा ते बी सांगितलं. मामाच्या हातातला खोका तसाच राहिला.

"आगं, लागून चहा थंड झाला न्हाई अजून. खाली बघ, किती जनांची तोंडं हायत. आज लावला आन आज उतरवला तर लोकं काय समजतील? ऋतुजाची निवड रद्द झाली, असंच समजतील ना?"

"मामा, दुसऱ्या बाईचं नाव हाय त्याच्यावर."

"सुरतेची बाई रेणापुरात येऊन वाचणार हाय का?"

"ती न्हाई वाचणार. बाकीचे वाचून राहिलेत की."

मामाच्या दोस्तांपैकी एकजण म्हणला, "उतरवायचं कशाला? तेवढ्या जागी फुलांचा हार सोडू, झाकून जाईल."

"जित्या पोरीच्या फोटोला हार?" आई त्याच्यावर धावलीच. "सकाळी सकाळी डोस्कं घरी ठिवून आलास का?"

तो माणूस मागं सरकला. मग मामालाच सुचलं. तेवढ्या जागेवर अजून एका शुभेच्छुकाचा फोटो चिकटवायचा. स्टिकर आणायचा, स्क्रीन झाकायची, फ्लेक्स बी राहील, इज्जत बी राहील. पण कोणाचा? सगळे तर खाली होतेच. सगळ्यांनी वळून रस्त्याच्या पल्याड बघितलं.

मलप्पा आपल्या दुकानात पाठ करून बसला होता. त्यानं फोटो दिला होता, पण उशिरा, आन मामानं लातूरला जाताना तो घेतलाच न्हाई. सकाळपासून त्यानं पेढ्याला हात लावला नव्हता.

मामा दुकानात गेला. "मलप्पाआण्णा, तुमचा फोटो राहिला बघा."

"आता जागा निघाली व्हय?" मलप्पा वजनकाट्यावर साखर टाकत म्हणला.

"खाली न्हाई, वर. ऋतूच्या बरोबरीनं."

साखर जरा जास्तच पडली. मलप्पानं ती काढली न्हाई. "थोरलीच्या लग्नातला घ्या," म्हणला, "फेट्यातला. त्याच्यात भस्म नीट दिसतंय."

दुपारपर्यंत स्टिकर आला. शिडी लावून मामानं मलप्पाला बराबर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बसवला. सुरतेची बाई झाकून गेली. आता बघणाऱ्याला असं दिसायचं, की ऋतुजा हेडफोन लावून मलप्पासंगंच बोलून राहिली आन मलप्पा फेटा बांधून कंपनीच्या मीटिंगला बसलाय. सगळे हसले. ऋतुजा बी हसली. मलप्पानं गल्ल्यावरून उठून तीनदा बाहेर येऊन बघितलं.

घरी आलो. आईनं पुरण घातलं होतं. ऋतुजानं एक पोळी घेतली आन तिचे तुकडे करत बसली.

"आता काय झालं?" मी म्हणलो. "झाकलं की."

"दादा, सकाळपासून किती जणांनी फोटो काढले त्याचे? तुझ्या स्टेटसला हाय. मामाच्या हाय. मोंढ्याच्या ग्रुपवर हाय."

"मग? काढून टाकतो."

"कंपनीला सांगावं लागंल."

आता ही गोष्ट मला पटली न्हाई, ते सरळ सांगतो. कंपनीला काय मालूम पडतंय? नांदेडचा माणूस रेणापूरच्या चौकात कशाला येतोय? मी म्हणलो, "आपल्या हातानं आपल्या पायावर दगड कशाला? लीड होऊन आठ दिवस झाले न्हाईत. ज्या पोरी काम जाऊन घरी बसल्या त्यांच्याकडं बघ जरा."

"बघितलं, म्हणून तर जेवण जाईना." ती उठली, हात धुतला, आन वसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. "दादा, ती बाई माझ्या भरवशावर हाय. तिला मालूम बी न्हाई की मी कोण हाय. मी गप बसले तर तिला कधीच कळणार न्हाई. उद्या अजून कोणाचं बिल उघडंल, तवा मी कोणत्या तोंडानं वाचू?"

आईनं पोळपाट लाटणं बाजूला ठेवलं. "लाव बाई फोन," म्हणली. "खोटं लपवून घरात अन्न गोड लागत न्हाई."

शिल्पा मॅडमनं फोन उचलला. सुट्टीच्या दिवशी का केला, हे विचारलं न्हाई, आधी ऐकून घेतलं. ऋतुजानं सगळं सांगितलं, खिडकी उघडी होती ते, मामाला तिनं फोटो पुसायला लावला न्हाई ते, आपल्याकडून काय राहिलं ते आधी, आन मामाचं नंतर. फोन स्पीकरवर होता.

"चिकटवलंय म्हणतेस," मॅडम म्हणल्या, "कोणाचा फोटो?"

"समोरच्या किराणावाल्या काकांचा."

मॅडम हसत होत्या का काय, कळालं न्हाई. मग आवाज कडक झाला. "चिकटवून चालणार नाही, ऋतुजा. पूर्ण उतरव. ज्यांनी ज्यांनी फोटो टाकलेत त्यांना काढायला लाव. संध्याकाळच्या आत मला उतरवल्याचा फोटो पाठव."

"फोटो, मॅडम?"

"रिकाम्या बांबूंचा. आणि काय झालं ते लिहून मेल कर, आत्ता मला सांगितलंस तसंच. मी वर पाठवते."

"मॅडम, माझी नोकरी?"

"ते मी ठरवत नाही. डेटा सिक्युरिटीची माणसं ठरवतील. तुला माहिती आहे, आता कोणी बोलावून सांगत नाही. सकाळी लॉगिन होतं, नाही तर होत नाही. तू स्वतःहून सांगितलंस, हे मी त्यात लिहीन. एवढंच माझ्या हातात आहे."

आता मामाला सांगायचं राहिलं. मी जातो म्हणलो तर ऋतुजा म्हणली, "मीच जाते. माझ्यासाठी लावलाय त्यानं."

मामा घरी बाजंवर पडला होता, मोबाइलमधी फ्लेक्सचेच फोटो बघत. ऋतुजा खाली बसली, मी तिच्या मागं उभा. मामा तिच्याकडं न बघता म्हणला, "नांदेडहून उतरवायचा हुकूम आला असंल."

"आला."

"मलप्पा एवढा मोठा बसवला तरी?"

"तरी."

"ऋतू, तुझा बाप असता तर त्यानं लावला असता हा फ्लेक्स. तो न्हाई, म्हणून मी लावला. आन तू म्हनतीस उतरवा. गावात मी कोणत्या तोंडानं फिरू? एका बाईच्या नावासाठी, जी इथली न्हाई, जातीची न्हाई, पावण्यातली न्हाई?"

ऋतुजा बाजंजवळ सरकली. मग म्हणली, "मामा, रागावू नका. तीन वर्साखाली तुम्ही तिरुपतीला गेलता."

मामानं मान वर केली.

किशनमामा तिरुपतीला गेला नव्हता. लातूरला दवाखान्यात भरती होता. बसायच्या जागेचं दुखणं होतं, ऑपरेशन झालं. गावात कोणाला कळू नये म्हणून तिरुपतीला चाललो असं सांगून गेला, आन येताना लातुरात न्हाव्याकडून डोकं भादरून आला. घरच्या आम्हां चौघांशिवाय आजपर्यंत कोणाला मालूम न्हाई. आता हे लिवायची परवानगी बी मामानंच दिली, ते पुढं सांगतोच की का दिली.

"तुमच्या ऑपरेशनचं बिल विम्याला गेलं होतं, मामा. कोण्या तरी पोरीनं ते वाचलं असंल. तुमचं नाव, गाव, आजार, सगळं. माझ्यावानीच एखाद्या खोलीत बसून."

"कोणती पोरगी?"

"मालूम न्हाई. तिनं कोणाला सांगितलं न्हाई, म्हणून तर तुम्ही तिरुपतीला जाऊन आलात."

मामी दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आन आत गेली. आतून तिचं हसू ऐकू आलं. मामा बाजंवर उठून बसला. डोक्यावरून हात फिरवला, जसं काय तिथं अजून टक्कल असावं. मग पायात चप्पल सरकवली आन मला म्हणला, "येंकट, शिडी घे."

मामानं तो फ्लेक्स स्वतः उतरवला, सगळ्यांच्या समोर. चौकातले दोस्त जमले, "काय हो किशनराव, काय झालं?" म्हणून विचारायला लागले. मला वाटलं मामा काहीतरी थाप मारील. मामा शिडीवरून मोठ्यानं म्हणला, "भाचीच्या कंपनीत दुसऱ्याची गोष्ट सांभाळून ठेवायचं काम चालतंय. माझ्या फोटोतून ती बाहेर पडली. चूक माझी हाय. तिरुपतीला म्हनून मी एकदा दवाखान्यात गेलतो, तवा माझी बी कोणीतरी सांभाळली होती." आन दुखणं कोणतं ते बी सांगून टाकलं. एकजण फसकन हसला. मामा म्हणला, "हस. तुझी पाळी येईल तवा मी हसंल."

मलप्पा खाली येऊन उभा होता. "मला बी फाडता व्हय?"

"तुला आधी उतरवतो," मामा म्हणला, आन अख्खा स्टिकर हळूच सोडवून त्याच्या हातात दिला. मलप्पानं तो दुकानात आतल्या भिंतीला लावला, अजून हाय. सुरतेच्या बाईचा तुकडा मामानं विळ्यानं कापला, बारीक बारीक चिंध्या केल्या आन आमच्या आईच्या देखत नष्ट केल्या. बाकीचा फ्लेक्स माझ्या दुकानाच्या मागं भंगारावर झाकलाय, शुभेच्छुक आतल्या अंगाला.

मग मामा मोबाइल हातात धरून दारोदार फिरला. ज्याच्या ज्याच्या स्टेटसला, ग्रुपला फोटो होता, त्याच्यासमोर उभा राहायचा, "काढ." समोरच्यानं काढला की स्वतःच्या चष्म्यातून खात्री करायचा. मोंढ्याच्या ग्रुपवाल्यानं जरा आढेवेढे घेतले, तर मामा त्याच्या गादीवर मांडी घालून बसला, उठलाच न्हाई. रिकाम्या बांबूंचा फोटो मी काढला. ऋतुजानं पाठवला, मेल लिवला. शिल्पा मॅडमचं उत्तर आलं, 'मिळालं.' त्याच्यापुढं काही न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा अंघोळ करून, वेणी घालून, रोजच्यावानी खोलीत गेली. रोज दार लावते, त्या दिवशी उघडं ठेवलं. कारण कायद्यानं कामच सुरू झालेलं नव्हतं, आन आम्हाला बी बघायचं होतं. आई उंबऱ्यावर, मी आईच्या मागं, मामा माझ्या मागं. मामा मोबाइल घरी ठेवून आला होता.

ऋतुजानं पासवर्ड टाकला. स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं. मोटार भरताना कधी कधी तार लावून बटन दाबतो आन मोटार फिरंल का जळंल, हे त्या एका श्वासात कळतंय, तसा तो श्वास होता. फिरत राहिलं, फिरत राहिलं, आन उघडलं.

आई खालीच बसली. मामा म्हणला, "झालं?"

"थांबा," ऋतुजा म्हणली. शिल्पा मॅडमचा मेल होता. तिनं वाचून दाखवला. लेखी समज दिली होती. लीडचं पद राहिलं होतं, पण सहा महिने नजर राहील असं होतं. आन खाली मॅडमनं स्वतःहून लिवलं होतं, आज सकाळच्या मीटिंगला तुझ्या टीमला हे सगळं तूच सांग, तुझ्या भाषेत. माझ्या नियमांचे कागद त्या वाचत नाहीत.

"आता दार लावते," ऋतुजा म्हणली. आम्ही तिघं बाहेर वसरीत आलो. पण त्या दिवशी तिनं हेडफोन लावला नव्हता, दारापल्याडचं सगळं ऐकू येत होतं, आन ऐकायचं न्हाई असा काही कायदा मला कोणी सांगितला न्हाई. तिचं तिच्या पोरींसंगं बोलणं होतं, त्यात कोण्या पेशंटचं काही नव्हतं.

ती सांगत होती. मामा खिडकीशी कसा आला, आपण कसं हसलो, फ्लेक्स केवढा होता, मलप्पाकाका मीटिंगला कसे बसले. पलीकडं पोरी हसत होत्या, एक तर खोकलायला लागली. मामा वसरीत मान खाली घालून हसत होता. मग ऋतुजानं सुरतेच्या बाईचं सांगितलं. नाव घेतलं न्हाई. मामाचं तिरुपतीचं सांगितलं, ते मामानंच सांगायला लावलं होतं, आन म्हणला होता, व्यंकट, तू बी कुठं सांगितलंस तरी चालंल, आता चौकानं ऐकलंच हाय. पलीकडचं हसू थांबलं.

मग एका पोरीचा आवाज आला. नांदेडची बुद्धप्रिया, ऋतुजा नेहमी तिचं नाव घेते.

"ताई, एक मिनिट थांबता का? परवा आमच्या सासऱ्यांनी माझा काम करतानाचा फोटो काढला. पावण्यांच्या ग्रुपवर टाकलाय. सून घरात बसून कंपनी चालवते, असं लिवून."

"जा," ऋतुजा म्हणली. "आधी ते कर."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लांबून बुद्धप्रियाचं ऐकू आलं, सासऱ्याला मामाच म्हणते ती, "मामा, तुमचा मोबाइल आणा बरं हिकडं. न्हाई, चार्जिंगचं न्हाई, आणा आधी." तिकडं सासरा काहीतरी विचारत होता. तेवढ्यात परभणीची पोरगी म्हणली, "ताई, मी बी जाऊन येते." मग अजून एक. दोघी-तिघींच्या खुर्च्या एकदमच सरकल्या, आन आमच्या बियाण्याच्या खोलीतून वेगवेगळ्या गावच्या घरांतले सासरे, भाऊ, नवरे एकापाठोपाठ एक विचारताना ऐकू यायला लागले, "का गं, काय झालं?"